न हलणारा आकडा

माझ्या मुलीच्या डाव्या दंडावर, मागच्या बाजूला, एक पांढरी चकती चिकटवलेली असते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काही लागलंबिगलं असेल. त्या चकतीच्या पोटात केसासारखी बारीक तार आहे आणि ती तिच्या कातडीखाली राहते. दर काही मिनिटांनी ती चकती तिच्या अंगातली साखर मोजते, आकडा तिच्या दप्तरातल्या फोनला सांगते आणि तो फोन तोच आकडा माझ्या फोनवर धाडतो. मुलगी जालन्यात शाळेत, मी अंबडला ऑफिसात टायपिंग करत बसलेली, आणि माझ्या टेबलावर फाइलींच्या शेजारी तिच्या रक्तातला आकडा. असं आमचं चाललेलं असतं.

ती चौथीत असताना हे निघालं. उन्हाळ्यात पोरगी सारखं पाणी पिऊ लागली, वाळत गेली. आम्हाला वाटलं ऊन बाधलं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी रक्त बघून सरळ भरतीच करून घेतलं. तेव्हापासून इन्सुलिन. घरी जाताना डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सांगितलं, "शुगर थोडी वर राहिली तर त्रास वर्षांनी दिसतो. खाली गेली तर मिनिटांत. खाली जाऊ द्यायची नाही."

खाली गेलेली मी एकदा बघितली आहे. पाचवीत होती. अंगणात खेळून आली आणि उंबऱ्यावर उभी राहून माझ्याकडे बघून हसायला लागली. हसणं थांबेना. मी विचारलं, "काय झालं गं?" तर जीभ जड झालेल्या माणसासारखी काहीतरी बोलली आणि तिनं मला ओळखलंच नाही. माझ्याच घरात, माझ्यासमोर, माझी मुलगी मला "तुम्ही कोण?" असं बघत होती. साखरपाणी पाजलं, थोड्या वेळानं भानावर आली, रडली, झोपली. मी मात्र त्या उंबऱ्यावरून अजून उठलेले नाही. ती चकती आणि तो फोन आम्ही त्यानंतर घेतले.

तो फोन तिच्या पप्पांचा जुना. शाळेत फोन चालत नाही, पण तिच्यापुरती मुख्याध्यापकांनी परवानगी दिली होती. सकाळी पूर्ण चार्ज करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवला की संध्याकाळी घरी आल्यावरही निम्मा शिल्लक असायचा. त्याच्या बॅटरीबद्दल मी कधी विचारच केला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी त्या फोनवर अपडेटची सूचना आली. पोरीनं ते करून टाकलं. मैत्रिणीनं सांगितलं होतं की नव्या अपडेटमध्ये नवे इमोजी येतात. फोन बराच वेळ बंद-चालू होत राहिला, मग लागला. इमोजी आले का ते मला माहीत नाही. सोमवारी दुपारच्या सुट्टीच्या सुमाराला माझ्या फोनवरचा आकडा फिकट पडला.

हे फिकट पडणं जरा सांगायला हवं. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला तर माझा फोन मोठ्यानं कोकलतो, सगळं ऑफिस वळून बघतं. पण आकडा आलाच नाही तर कोकलत नाही. शेवटचा आलेला आकडा तसाच राहतो, फक्त काळ्याचा राखाडी होतो. लक्ष नसेल तर कळतही नाही.

त्या सोमवारी मी शाळेत फोन लावला. वर्गशिक्षिका मॅडम म्हणाल्या, "ती डबा खाऊन राह्यलीय ताई, ठीक आहे. फोन बंद पडलाय म्हणे तिचा." माझा जीव भांड्यात पडला. पण घरी आल्यावर फोन हातात घेतला तर तो तव्यासारखा तापलेला. मंगळवारी पुन्हा दुपारी बंद. बुधवारी तर त्याच्याही आधी. रोज दुपारपासून संध्याकाळी बसमधून उतरेपर्यंत मला काही दिसायचं नाही. टाइप करताना हात थांबायचे. समोरच्या कागदावरची ओळ मी तीनतीनदा वाचायचे. डोळ्यांसमोर तो उंबरा.

तिचे पप्पा शिक्षक आहेत, जांब समर्थच्या पलीकडे एका गावात. रोजचं जाणं-येणं. दमून यायचे, तरी चहा घेतला की तो फोन घेऊन बसायचे. व्हिडिओ बघायचे, एकेक गोष्ट करायचे. स्क्रीनचा उजेड कमी केला. स्क्रीनची पार्श्वभूमी काळी केली. कंपन बंद केलं. गेम काढून टाकले, त्यावरून पोरीचा रुसवा झाला. मोबाईलच्या दुकानात दाखवला तर दुकानदार म्हणाला, "सर, अपडेटनंतर चार दिवस फोन आतल्या आत काम करत असतो. जल्दी करू नका. आपोआप बसंल बराबर." पण चार दिवस थांबणं आम्हाला कसं जमणार?

शुक्रवारी संध्याकाळी फोननं स्वतःच एक सूचना दाखवली. काही ॲप मागच्या मागे चालून बॅटरी खात आहेत, त्यांना झोपवायचं का? खाली भलीमोठी यादी. पप्पांनी "सर्व" वर बोट ठेवलं. मी शेजारीच भाजी निवडत होते. मला म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर आठवडा वाचला असता."

आणि खरंच फरक पडला! शनिवारी संध्याकाळपर्यंत बॅटरी निम्म्याच्या वर. रविवारीही तेच. घरात पोरगी फोन सारखा हातात घेत होती, त्यामुळे आकडेही माझ्याकडे येत होते. मला इतकं हलकं वाटलं की मी रविवारी दुपारी झोपले. कित्येक महिन्यांनी.

सोमवारी तिच्या वर्गाची सहल होती. लांब नाही, बदनापूरला, शेती संशोधन केंद्राची शेतं बघायला. तुरीचे वेगवेगळे वाण, ठिबक, माती तपासणं, असलं काहीतरी. मी तिच्या दप्तरात ग्लुकोजची पावडर, बिस्किटं, बोटाला टोचून मोजायचं यंत्र, सगळं ठेवलं. "फोन बंद करायचा न्हाई," असं तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, आता बॅटरी टिकतीय ना, मंग कशाला घाबरतीस?"

मी अंबडला पोचले तेव्हा तिचा आकडा एकशे बत्तीस होता. छान. बसमध्ये ती फोटो काढत असणार. मी कामाला लागले. मध्ये एकदा बघितलं, एकशे बत्तीस. मनात म्हटलं, आज काय मस्त चाललीय. चहा आला, चहा पिताना बघितलं. एकशे बत्तीस.

कप माझ्या हातातच राहिला.

साखर अशी थांबत नाही. झोपलेल्या पोराचीसुद्धा थांबत नाही, पाच वर, सात खाली होतच असते. आणि ही तर शेतातून चालत होती, सकाळचं इन्सुलिन अंगात होतं. मी फोन डोळ्यांजवळ नेला. आकडा राखाडी होता. किती वेळापासून राखाडी होता, ते मला माहीत नव्हतं.

बॅटरी गेली असेल, म्हणून मी तिचा नंबर लावला. रिंग गेली. पूर्ण रिंग वाजली आणि थांबली. मी पुन्हा लावला, पुन्हा वाजला. फोन बंद असता तर मला कारण मिळालं असतं. फोन चालू होता, वाजत होता, उचलायला कुणी नव्हतं, आणि आकडा येत नव्हता. माझ्या डोक्यात एकच चित्र आलं, दप्तर पाठीवर आहे, दप्तरात फोन वाजतोय आणि पोरगी पालथी पडली आहे.

मॅडमना लावला. वाजत राहिला. पप्पांना लावला, "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". शाळेच्या ऑफिसात कुणीतरी उचलला, म्हणाले, "सगळे सहलीला गेलेत, गाडीच्या ड्रायव्हरला सांगून बघतो." ते सांगतील, कधी सांगतील, कुणास ठाऊक.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक ताई बसतात. माझ्याहून वयानं मोठ्या, बोलायला फटकळ. आमचं कधी फार सूत जुळलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं?"

"पोरीचा आकडा येईना."

मी एवढंच म्हणाले. ताईंनी ड्रॉवर लावला, गाडीची किल्ली घेतली. "उठा. साहेबांना जाता जाता सांगू."

"बस आहे आत्ता जालन्याची..."

"जालन्याला जाणार, तिथून बदनापूरची गाडी बघणार. कधी पोचता? मधल्या रस्त्यानं जाऊ. पर्स घ्या तुमची."

त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी अंबडच्या बाजारातून निघाले. मधला रस्ता मला माहीत नव्हता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया, कडेला उसाची बैलगाडी. सगळं इतकं नेहमीसारखं होतं की मला त्याचा राग आला. मी एका हातानं सीट धरली होती, दुसऱ्या हातानं फोन लावत होते. तिला, मॅडमना, पुन्हा तिला.

"सारखं लावू नका," ताई वाऱ्यात ओरडल्या. "तुमचीच बॅटरी संपंल. मंग तिनं लावला तर?"

मी बघितलं. माझ्या फोनची बॅटरी लाल झाली होती. मी तो पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. आणि त्यानंतरचा रस्ता सगळ्यात वाईट गेला. फोन हातात होता तोवर काहीतरी करत होते. आता करायला काही नव्हतं. त्या राखाडी आकड्याच्या मागे खरा आकडा काय असेल, ते माझं डोकं आपलं आपणच मोजू लागलं. शंभर. ऐंशी. साठ. पन्नासच्या खाली मी जाऊ दिलं नाही, पुन्हा शंभरापासून सुरू केलं. मी रडत होते हे मला वाऱ्यानं गाल गार झाले तेव्हा कळलं. ताईंनी मागे वळून बघितलं नाही. फक्त म्हणाल्या, "बोला माझ्याशी. कितवीला आहे?"

"सातवीला."

"हुशार आहे?"

"हो."

"मंग तिला कळंल काय करायचं ते."

पाचवीतही ती हुशारच होती. साखर खाली गेली की हुशारीच आधी जाते.

बदनापूरला केंद्राच्या आवारात शाळेची गाडी सावलीला उभी होती. रिकामी. मी खिडकीतून सीटवर बघितलं, तिचं दप्तर नव्हतं. म्हणजे तिच्याजवळ आहे. गेटवरच्या माणसानं हातानं दाखवलं, "पोरं तिकडं गेल्ती, तुरीच्या प्लॉटकडं."

मी पळाले. तूर माझ्या डोक्याच्या वर गेलेली, शेंगा धरलेल्या, ओळीमागून ओळी. आत माणूस उभा असला तरी दिसू नये अशी दाट. त्यात बसलेलं लेकरू तर कुणालाच दिसणार नाही. मुलांचे आवाज कुठूनतरी येत होते, पण तुरीत आवाज कुठून येतो ते कळत नाही. मी तिचं नाव घेऊन ओरडले. आवाज बरोबर निघाला नाही. ताई मागून आल्या आणि त्यांनी त्यांच्या त्या खणखणीत आवाजात हाक मारली, तेव्हा बांधावरून एक मुलगी पळत आली. तिच्या वर्गातली.

"काकू, ती तिकडं आहे. मॅडमजवळ. तिला चक्कर आल्ती."

लिंबाच्या झाडाखाली ती बसली होती. तिच्या ओठांभोवती पांढरी पावडर लागलेली, केस घामानं कपाळाला चिकटलेले. डोळे उघडे. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी श्वास धरून उभी राहिले, कारण मला बघायचं होतं की ती मला ओळखते का.

"मम्मी? तू इथं काय करून राह्यलीस?"

मी तिथंच मातीत बसले.

मॅडम घाबरलेल्या होत्या. त्या सांगू लागल्या, "ताई, चांगली चालत होती हो. एकदम खाली बसली. मला म्हणाली, मॅडम, माझे पाय माझे न्हाईत. आणि स्वतःच दप्तर उघडून पावडर काढली. हात इतके थरथरत होते की पुडी मी फोडली. बोटाला टोचून बघितलं तिनंच. चोपन्न होते. माझा फोन गाडीतच राहिला, पर्समध्ये. तुमचे फोन आले असतील ना?"

मी तिचा हात धरून बसले. तो अजून ओला होता. पुन्हा टोचून बघितलं, पंच्याहत्तर. वर येत होती. मी म्हटलं, "तुझा फोन कुठाय?"

"दप्तरात. सायलेंटवर आहे, ते काका माहिती सांगत होते म्हणून." तिनं फोन काढला, लॉक उघडलं, आमचं ते शुगरचं ॲप उघडलं. आणि तेवढ्यात माझ्या पर्समधून तो आवाज आला. मोठा, कोकलणारा. सगळी पोरं वळून बघायला लागली. ॲप जागं झालं होतं आणि मधले सगळे आकडे एकदम घेऊन आलं होतं. एकशे दहा, ब्याण्णव, सत्तर, आणि खाली, खाली. ती तुरीच्या ओळीतून चालत होती तेव्हा जो आवाज यायला हवा होता, तो आता, ती माझ्या शेजारी बसलेली असताना, येत होता. मला तो बंद करता येईना. बोट बटणावर बसत नव्हतं. शेवटी ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आवाज बंद केला. "बास," त्या म्हणाल्या. मला की फोनला, कळलं नाही.

ताई ऑफिसला परत गेल्या. मी शाळेच्या गाडीतून मुलीबरोबर जालन्याला आले. ती मैत्रिणीच्या शेजारी बसून बिस्किटं खात होती, गात होती. मी तिच्या मागच्या सीटवर बसून तिच्या मानेकडे बघत होते.

संध्याकाळी पप्पा आले. मी सगळं सांगितलं. ते बूटही न काढता फोन घेऊन बसले आणि सेटिंगमध्ये शोधत गेले. बॅटरीच्या आत आणखी एक दार, त्याच्या आत आणखी एक. शेवटी "झोपलेली ॲप" अशी यादी निघाली. गेम, फोटोंचं, गाण्यांचं, हवामानाचं, आणि सगळ्यात खाली तिचं शुगरचं ॲप. स्क्रीनला हात लागला तेवढ्यापुरतं ते जागं व्हायचं. फोन दप्तरात गेला की झोपायचं. म्हणून तर बॅटरी टिकत होती.

त्यांनी फोन खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी लग्नानंतर इतका पांढरा कधी बघितला नव्हता. "वर्गात पोरं होती समोर," ते म्हणाले, "मी फळ्यावर अपूर्णांक शिकवत होतो. त्याच वेळी हे." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग आम्ही ते ॲप त्या यादीतून काढलं आणि त्याच्यासमोर "कधीही झोपवू नये" अशी खूण केली. बाकीचं सगळं तसंच झोपलेलं ठेवलं. काही ॲप सारखी ती कुठे आहे ते बघत होती, त्यांची लोकेशन बंद केली. मंगळवारी फोन दुपारनंतरही चालला. दुकानदार म्हणाला होता त्याप्रमाणे तो हळूहळू थंडही होत गेला आणि आठवडाभरानं पूर्वीसारखा चालू लागला. तरी तिच्या दप्तरात आम्ही एक छोटी पॉवरबँक टाकून ठेवली आहे. मॅडमनी आपणहून सांगितलं की बाहेर नेताना त्यांचा फोन आता हातात असतो. आणि डॉक्टरांनी सहलीच्या दिवशी, खूप चालायचं असेल तेव्हा, सकाळचं इन्सुलिन किती कमी करायचं ते बसवून दिलं. ते आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हाला विचारायला सुचलंही नव्हतं.

मला मात्र आकड्यावर पूर्वीसारखा विश्वास ठेवता येत नाही. एकशे दहा दिसले तरी मी आधी रंग बघते. काळा आहे ना? मग दोन मिनिटं थांबते, हलतो का बघते. हलला की कामाला लागते. ऑफिसातल्या ताई कधीकधी माझ्या खुर्चीमागून जाताना वाकून बघतात आणि विचारतात, "हलून राह्यलाय का?" मी म्हणते, "हो." त्या पुढे जातात. आमचं अजूनही फार बोलणं होत नाही, पण डबा आता एकत्र खातो.

मुलगी यंदा आठवीला गेली आणि तिनं कबड्डी सुरू केली. मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, पण तिनं पप्पांना विचारलं आणि डॉक्टरांना विचारलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघं तिला मैदानावर सोडायला गेलो. दंडावरच्या चकतीवर तिनं चिकटपट्टीचा आणखी एक थर मारला, दप्तर रेषेबाहेर ठेवलं आणि आत गेली. चढाईला तिचा नंबर आला. समोरच्या पोरींनी तिला पायाला धरून पाडलं, ती मातीत लोळली आणि उठली. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं. पप्पांनी माझं कोपर धरलं.

"श्वास घे," ते म्हणाले. "बघ, हसतीय ती."

मी नीट बघितलं. हसत होती. मला ते हसणंही तपासावं लागलं, नेहमीचंच आहे ना म्हणून. नेहमीचंच होतं. तिनं आमच्याकडे बघून हात केला, म्हणजे आता जा. आकडा काळा आहे, हलतोय, एवढं बघून मी गाडीवर त्यांच्या मागे बसले आणि आम्ही घरी आलो.